रोज लावायचा सेंट

तेल अवीवच्या ज्या कंपनीत मराठी ज्यू येहुदित फ्रॉक शिवायची, त्या कंपनीने बायकांसाठी रोज लावायचा सेंट काढला. जाहिरातीत कामावरची खरी बाई हवी, म्हणून साहेबांनी तिलाच मशीनवर बसवून फोटो काढून घेतले. "हसा, अजून हसा," फोटोवाला म्हणत राहिला. दुपारभर ती हसली आणि मग राहिलेले फ्रॉक शिवून संध्याकाळच्या गाडीने रामल्याला घरी आली. तिची मुलगी बत्या इतकी हरखली की आईचा फोटो लागणार म्हणून तिने शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं.

महिन्याभराने रामल्याच्या स्टेशनावर जाहिरात लागली. बत्या मैत्रिणींना घेऊन धावत गेली. मशीन येहुदितचंच होतं, अंगातला ॲप्रनही तिचाच. पण मशीनवर कोणी दुसरीच गोरी, टवटवीत मुलगी बसली होती. मैत्रिणी खिदळत निघून गेल्या.

येहुदित गाडीतून उतरली तेव्हा बत्या एकटीच जाहिरातीखाली उभी होती. रडून डोळे सुजले होते.

"इमा, तू खोटं का सांगितलंस?" तिने आईला हिब्रूत विचारलं. "ही तू नाहीस."

येहुदितने भाजीची पिशवी खाली टेकवली आणि त्या हसऱ्या मुलीकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"मीच आहे गं," ती मराठीत म्हणाली. "दमायच्या आधीची."