आयती साखर

बायको गेल्यापासून आन्सेल्मोच्या घरात चूल पेटली नव्हती. शेवटी त्याने चिडून मुलीला, मिर्ताला, रोसारिओ शहरातल्या प्रयोगशाळेत फोन लावला.

"सोड ती नोकरी आणि ये घरी! बाप इथे उपाशी मरतोय आणि तू तिथे जंतू पोसत बसलीस."

"बाबा, या जंतूंना आयती साखर मिळत असली, की समोरचं दूध पचवायचं एन्झाइम ते बनवतच नाहीत. साखर बंद केली, की थोडा वेळ अडून बसतात आणि मग मुकाट बनवायला लागतात."

"मग मी काय करू त्याचं?" आन्सेल्मो खेकसला.



"साखर बंद कर, हेच मी आईला कितीदा सांगितलं," मिर्ता ओरडली. "शेवटच्या तापातसुद्धा ती तुझ्यासाठी मिलानेसा, तुझे ते मांसाचे काप, तळायला उठली!"