अर्थ लागत नाही

सरांनी चावी फिरवली. जीप "कट्" म्हणाली आणि गप्प बसली. पुन्हा फिरवली. या वेळी "कट्"सुद्धा नाही.

मोखाडा अजून चार किलोमीटर, जव्हार त्याच्याही पुढे. सव्वानऊ वाजले होते. अकराला जव्हारमध्ये वक्तृत्व स्पर्धेची हजेरी, आणि हजेरीला नसेल त्याचं नाव कापणार. शेजारच्या सीटवर दहावीतली वर्षा कागद धरून बसली होती. सूर्यमाळच्या पाड्यावरून बाहेर भाषणाला निघालेली ही पहिलीच पोर. "एसटीनं जाऊ ना सर," असं ती कालपासून दोनदा म्हणाली होती. सर म्हणाले, "एसटी कशाला? आपली जीप आहे की!"

सुदर्शन सर, विषय मराठी. आता लपवून काय करायचं, हे सर म्हणजे मीच. पण स्वतःचा गाढवपणा सांगताना 'मी' म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून आपलं 'सर'.

जीप चाळीस वर्षांपूर्वीची, लिलावातली. दिवाळीच्या सुट्टीत सरांनी ती पार खोलून स्वतःच्या हातांनी रंगवली. खालच्या चेसीलाही, म्हणजे लोखंडी सांगाड्यालाही, तीन हात हिरवा ऑइलपेंट. "एक इंच जागा सोडली नाही," असं ते स्टाफरूममध्ये सांगत सुटले. तेव्हापासून बॅटरी चार्ज होईना. सरांनी नवी बॅटरी घातली. डायनामो भरून आणला. कटआउट बदलला. शेवटी चार्जिंगच्या मीटरचाच काटा अडकला असेल म्हणून त्याला टिचक्या मारल्या. सगळं केलं, फक्त जाणकाराला विचारलं नाही.

हीच हुशारी त्यांनी वर्षाच्या भाषणावरही पाजळली होती. विषय 'पाणी वाचवा'. तिनं पेन्सिलीनं सात-आठ ओळी लिहून आणल्या. सरांना त्या फारच साध्या वाटल्या. त्यांनी त्यावर व्हाइटनर फासला आणि वर निळ्या शाईनं झोकात लिहिलं, "हे अमृतस्वरूपिणी जलदेवते..." पंधरा दिवस पोर पाठ करत होती आणि रोज त्याच शब्दाला अडखळत होती.

झक मारत सरांनी मोखाड्याच्या हेमराजला फोन लावला. गाड्यांचं वायरिंग करावं तर हेमराजनंच. फोन स्पीकरवर होता, कारण सरांचा एक हात अजून चावीवरच. शेजारी वर्षा घाबरून उजळणी करत होती. "हे अमृतस्व... स्वरू... स्वरूपि..."

हेमराजनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, अर्थ लागत नाय."

सरांचं डोकंच फिरलं. "तू तुझ्या वायरी जोड रे! भाषण मी लिहिलंय. एकोणीस वर्षं मराठी शिकवतोय. अर्थ लागत नाही म्हणजे काय?"

मग हेमराज म्हणाला, "येतो मी." वर्षानं तोंड बाहेर वळवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. सरांना वाटलं, पोर रडतेय.

हेमराज मोटारसायकलवरून आला तो सरळ जीपखाली शिरला. बॅटरीची काळी वायर चेसीला बोल्टनं कसलेली होती, तिथं त्यानं बोट ठेवलं.

"रंग कोणी दिला?"

"मी," सर म्हणाले. आवाजात अजून थोडा अभिमान होता.

"मस्त दिलाय. इथंपण दिलाय. करंट बॅटरीतून निघाला की फिरून या वायरीनंच परत यायचा. वायर लोखंडाला टेकाया पाहिजे, ही टेकलीय रंगाला, बोल्टातून जेमतेम जातो तेवढाच. रंगावर अर्थ लागत नाय, सर."

"म्हणजे मघाशी तू..."

"मी गाडीच्या अर्थिंगचा बोलत होतो. भाषणातला मला काय कळतंय?"

सरांचे कान तापले. वर्षा रडत नव्हती, हे आता त्यांच्या लक्षात आलं. हेमराजनं बोल्ट सोडला आणि पॉलिशपेपरनं घासायला सुरुवात केली. तीन हातांचा हिरवा रंग भुगा होऊन मातीत पडला. खालून लोखंड चकाकलं. वायर परत कसली. बॅटरी रिकामी होती, म्हणून हेमराजनं उतारावर मागून धक्का मारला आणि जीप सुरू झाली. मीटरचा काटा दिवाळीनंतर पहिल्यांदा चार्जिंगकडे गेला. दहाला दहा कमी होते. वेळेत पोचणार होते.

सरांनी ब्रेक मारून जीप थांबवली, हेमराजला मोठ्यांदा थँक्यू म्हटलं आणि पहिला गिअर टाकला.

"सर," वर्षा म्हणाली, "माझापण खरवडू का?"

"काय?"

"व्हाइटनर."

सरांच्या मनात पहिला विचार आला, इतकं छान लिहिलंय की! खोटं कशाला बोलू, तोच आला. मग त्यांनी आरशातून हेमराजच्या हिरव्या झालेल्या हातांकडे पाहिलं.

"खरवड," ते म्हणाले.

तिनं नखानं खरवडलं. पांढरे कपचे सीटवर पडले. खाली पेन्सिलीच्या ओळी होत्या, पुसट, पण होत्या. ती कुठंही न अडखळता वाचू लागली.

"पाणी वाचवा, असं आम्हाला सांगतात. माझी आई तांदळाच्या धुवणात भांडी धुते. ते भांड्यांचं पाणी शेळी पिते. शेळीनं ठेवलेलं आम्ही वेलाला घालतो. पाणी कसं वाचवायचं ते आम्हाला येतं. तुम्ही आधी पाणी द्या."

सरांचा क्लचवरचा पाय सुटला. गचका बसला आणि जीप बंद पडली.

"आता काय झाला, सर?" हेमराज मागून ओरडला.

"काही नाही," सर म्हणाले. "अर्थ लागला. मार धक्का."