नमुना निबंध

विशाखा मगरेची निवड झाली, तर मुकुंद जिंतूरकरांना काय मिळणार होतं? पुंडलिकनगरच्या चौकात एक फ्लेक्स. त्यावर विशाखाचा फोटो लहान, सरांचा मोठा. त्यांचा निबंधाचा क्लास पिठाच्या गिरणीच्या वर भरायचा. खालून रोज पीठ बाहेर पडायचं. वरून अजून एकही नाव बाहेर पडलेलं नव्हतं.

विशाखाचा फायदा साधा होता. पुण्याच्या एका संस्थेत एकच जागा होती. दोन वर्षं राहणं, जेवण, स्पर्धा परीक्षेची तयारी, सगळं फुकट. निवड निबंधावर आणि मुलाखतीवर. नाही झाली, तर गावी लासूर स्टेशनला परत आणि उन्हाळ्यात लग्न. आईनं, केसरबाईनं, मुलगाही बघून ठेवला होता.

"तुझा निबंध म्हणजे सरकारी परिपत्रक आहे," सर म्हणाले. "ग्रामीण आरोग्य म्हटलं की योजना, आकडे, समिती! वाचणाऱ्याच्या घशात काहीतरी अडकलं पाहिजे. तुझ्या घरातलं काही नाही का?"

"आहे सर. पण ते नको."

"मग लिही आकडे. तिकडं पाव्हणे वाट बघतायत."

वर्ग हसला. विशाखाही हसली. दुसऱ्या दिवशी तिनं लिहून आणलं.

घरात पाहुण्यांसाठी एकच खुर्ची होती. धाकटा धम्मपाल तापानं फणफणला, तेव्हा त्याला तिच्यात बसवून बापानं आणि चुलत्यानं दवाखान्यात नेलं. दवाखान्याला कुलूप होतं. परत येताना वाटेत चुलता म्हणाला, आता आडवा घेऊ. बाप म्हणाला, नको, बसू दे त्याला.

सरांनी ते मोठ्यानं वाचलं. पहिल्या बाकावरची हिमानी ओढणीनं डोळे पुसत राहिली. हिमानी बँक मॅनेजरची एकुलती एक मुलगी, मनानं मऊ.

संध्याकाळी त्या पानाच्या झेरॉक्स निघाल्या. वर विशाखाचं नाव नव्हतं, 'नमुना निबंध' एवढंच होतं. सगळ्याच क्लासमध्ये असं चालतं. चांगलं लिहिलेलं वर्गाचं, वाईट लिहिलेलं ज्याचं त्याचं.

"सर, ते माझं आहे."

"म्हणून तर नाव काढलं! पोरं फक्त मांडणी बघतील. पाठ करू नका रे!"

पोरांनी पाठ केलं.

परीक्षेत विषय नेमका ग्रामीण आरोग्याचाच आला. मुलाखती शहरातच, उस्मानपुऱ्यात होत्या. समोर संस्थेच्या पद्मजा मॅडम, निवृत्त अधिकारी. माणूस खरा की खोटा ते आपल्याला दारातूनच कळतं, असं त्या सांगत.

"बस," त्या विशाखाला म्हणाल्या. "तुमच्या क्लासच्या नऊ जणांचे भाऊ खुर्चीतून दवाखान्यात गेलेत. एकालाही बाज मिळाली नाही की रिक्षा मिळाली नाही. म्हणजे आठ चोर आणि एक खरा. तो मी आज शोधणार, आणि जागा त्यालाच देणार."

विशाखाच्या जिवात जीव आला.

"मॅडम, आमच्या सरांना विचारा ना. त्यांनीच मला..."

"विचारलं. म्हणाले, खेड्यापाड्यात असं घडतंच, सगळ्यांचंच खरं असेल."

सरांचा हिशेब पक्का होता. एकीचं नाव घेतलं असतं तर आठ जण चोर ठरले असते. आणि फ्लेक्स काय, नऊ जणांपैकी कुणाचाही चालला असता.

"खुर्चीचा रंग कोणता होता?"

"आठवत नाही, मॅडम. लहान होते मी. नंतर ती खुर्ची घरात ठेवलीच नाही."

"त्याच्या अंगात कपडे कोणते होते?"

"नाही सांगता येत. मी त्याची मान धरून चालत होते. सारखी पडत होती."

"शेवटचं काय बोलला?"

"काहीच नाही."

विशाखाचे डोळे कोरडे होते. पद्मजा मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"बास. कळलं मला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जा तू. निवांत घरी जा."

बाहेर बाकावर हिमानी बसली होती. पुढचा नंबर तिचा. हातात तेच झेरॉक्सचं पान.

आत काय विचारतात ते बाहेरच्याला सांगायचं, हा उमेदवारांचा रिवाज. विशाखानं तो पाळला. जागा आपली झालीच आहे, मग हिची बोलती तरी बंद पडू नये, असं तिला वाटलं.

"घाबरू नको गं," ती म्हणाली. "खुर्चीचा रंग विचारतात. कपडे विचारतात. अन् शेवटचं काय बोलला ते."

पुढच्या रविवारी पुंडलिकनगरच्या चौकात फ्लेक्स लागला. सरांचा फोटो मोठा आला होता. तिकडं लासूरला केसरबाई पेपर हातात घेऊन उंबऱ्यात बसली. तिला वाचता येत नव्हतं, फोटो तेवढे कळायचे.

"ही कोण गं पोरगी? रडतीया जणू."

"आमच्या क्लासची हाय. हिमानी. तिला मिळाली ती जागा."

"काय म्हनतीया? वाच की."

विशाखानं वाचलं. "'माझा भाऊ हिरव्या खुर्चीत बसला होता. अंगात शाळेचा पांढरा शर्ट. दवाखान्याला कुलूप होतं. शेवटचं एवढंच म्हणाला, ताई, मी साहेबासारखा दिसतो का?'"

केसरबाईनं त्या फोटोवरून बोट फिरवलं.

"हिचाबी भाऊ आपल्या धम्मपालवानीच गेला व्हय?"

विशाखानं पेपराची घडी घातली.

"व्हय, आई."

"माय माय! तिच्या आईच्या जिवाचं काय झालं आसंल गं," केसरबाई म्हणाली. "आज बुद्धवंदनेला दोन मेणबत्त्या आण. एक आपल्या लेकराची, एक तिच्या भावाची." आणि तिनं पदराची गाठ सोडून दुसऱ्या मेणबत्तीचेही पैसे दिले.