अर्ज राहिलेला आठवडा

कार्तिकातल्या गुलाबी थंडीचा अर्ज या आठवड्यासाठी पाठवायचाच राहिला, हे हवामान कचेरीतल्या हेमांगीला सकाळी कळलं, तेव्हा गावावर न मागितलेलं धुकं उतरलं होतं. खिडकीपाशी ही गर्दी!

“तक्रारी लिहून द्या,” ती घाबरत म्हणाली.

“तक्रार कसली, पोरी?” निवृत्त पोस्टमन कासमचाचांच्या मिशांवर दव चमकत होतं. “चाळीस वर्षांनी धुकं पाहिलं! उद्या काय मागवलंयस?”

“काहीच नाही, चाचा. उद्या काय होईल, कुणालाच ठाऊक नाही.”

“ऐकलंत का रे?” चाचा गर्दीकडे वळून ओरडले. “उद्याचं कुणालाच ठाऊक नाही! पहाटेच उठा सगळे!”

गर्दीत एकच कल्ला उठला. हेमांगीने पुढच्या आठवड्याचा भरलेला अर्ज हळूच खणात सरकवला आणि कुलूप घातलं.