कात्री धरणारा हात

दादा मास्तरांनी कोट बेतला की सुटलेल्या पोटाचं गिऱ्हाईकही आरशात नवरदेव दिसायचं. पण अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, “डोकं झपाझप चालवा मास्तर, मागोमाग हातही येईल.”

दुकानाचा गल्ला सांभाळणाऱ्या धाकट्या भावाने ते फारच मनावर घेतलं. जन्मात कापड बेतायचा खडू हाती न धरलेला हा गडी रोज उशाशी बसून विचारायचा, “दादा, पाठीला पोक असेल तर मागचा भाग किती वाढवायचा? पटकन सांग!” पोटच्या पोरालाही न शिकवलेल्या खुब्या दादा फटाफट सांगून टाकत. भावाची माया पाहून त्यांचे डोळे भरून येत.

आणि खरंच, बोटं वळू लागली. एका सकाळी कुणालाही न कळवता दादा दुकानात जाऊन उभे राहिले. पाटीवर एकट्या धाकट्याचं नाव होतं. आत नवा कारागीर अगदी दादांच्याच पद्धतीने कोट बेतत होता. दादांनी उजव्या हाताने टेबलावरची कात्री उचलली.

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं.


“दादा... म्हणजे त्या बाई म्हणाल्या ते खरं होतं?”