एक चमचा पाणी

स्पेनमध्ये फोन वाजू लागला आणि रुक्माबाईंनी मांडीवरची नवी शहापुरी साडी घट्ट धरली. दोन वर्षं घोटलेली वाक्यं ओठांवर होती. समोर त्यांचे यजमान रवळूअण्णा पेपर वाचत होते. मघापासून एकच पान.

समर्थ, त्यांचा एकुलता एक मुलगा, वालेन्सियात नोकरीला होता. तिथंच भाड्याच्या खोलीत तापानं गेला. खासबागेतल्या घरी आली ती अस्थींची डबी. त्याच्या घरमालकिणीशी, पिलारबाईंशी, सगळी बोलणी फोनमधल्या भाषांतरावर पुतण्या स्वरूपनं निभावली. त्यानंच सांगितलं होतं, "काकू, ती म्हातारी उशाशी बसून हुती. एक चमचा पाणी घातलं तिनं, मग दादानं डोळं मिटलं."

त्या एका चमच्यावर रुक्माबाई उभ्या राहिल्या. ज्याच्या हातचं शेवटचं पाणी पोटात जातं ते माणूस घरचं, असं त्या मानत आलेल्या. घरच्या बाईला साडी पाठवायची, तर दोन शब्द आपल्या तोंडचे नकोत?

अण्णांनी मात्र पहिल्या दिवसापासून फाटे फोडले. "छप्पन्न वर्षं झाली, आता स्पॅनिश शिकतीया! फोन करतोय की भाषांतर."

"माझ्या पोराला पाणी पाजलेल्या बाईचं उपकार मशीनच्या तोंडानं मानू व्हय?"

मग कधी बाईंचा चष्मा सापडेना, कधी नेटचं रिचार्ज करायचं राहून जाई. ऑनलाइन क्लासच्या वेळी अण्णा नेमके पाहुणे घेऊन येत. पण बाई हट्टाला पेटलेल्या. पहिला शब्द शिकल्या तो 'आग्वा'. पाणी. भाकरी थापताना क्रियापदं म्हणत. एकदा खानापूरला लग्नासाठी चार दिवस राहिल्या आणि निम्मे शब्द उडाले. भाषा दुधासारखी, रोज तापवली नाही तर नासते, हे त्यांना कळलं. तेव्हापासून वही पिशवीत असायचीच. बोलणं वर्षात जमलं. समोरच्याचं ऐकून कळायला आणखी एक वर्ष गेलं.

पलीकडून पिलारबाईंचा आवाज आला. रुक्माबाई न अडखळता बोलल्या. मी समर्थची आई. माझ्या मुलाला शेवटचं पाणी तुम्ही पाजलंत. तुम्हाला साडी पाठवायची आहे, पत्ता सांगा.

मग लहान मुलाशी बोलावं तशी ती बाई सावकाश बोलू लागली. रुक्माबाईंना शब्द न् शब्द कळला. कळला नसता तर फार बरं झालं असतं.

पाणी मी नाही पाजलं, बाई. मी गावाला गेले होते. तिसऱ्या दिवशी परत येऊन दार उघडलं. त्याच्या उशाशी पेला होता, रिकामा. मला माफ करा.

"ग्रासिआस," रुक्माबाई म्हणाल्या. आभार मानायला शिकलेला तो शब्द तेवढा तोंडातून निघाला. त्यांनी फोन ठेवला. काळजाचं पाणी झालं होतं. स्वरूपनं खोटं सांगितलं होतं. ताप अंगात घेऊन पोर तहानेलं, एकटं गेलं होतं.

अण्णांचा पेपर खाली आला होता. चेहरा पांढराफटक. गेल्या वर्षीच त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. या माणसाला हे पेलायचं नाही, बाईंनी ठरवून टाकलं.

"काय म्हणाली गं?"

रुक्माबाई साडीची घडी सारखी करू लागल्या. आवाज त्यांनी हलू दिला नाही.

"म्हणाली, लई शांत गेला तुमचा ल्योक. दोन चमचे पाणी पिला."

अण्णांनी पेपर बाजूला ठेवला. बघता बघता त्यांचे ओठ वाकडे झाले आणि डोळे भरून आले.

"दोन कसं गं?" ते म्हणाले. "स्वरूपला मी एकच सांग म्हटलं हुतं."