दहापैकी चार

तिसऱ्या चित्रपटातला बाप कपाळावरचा चष्मा घरभर शोधू लागला, तेव्हा तराजूसाहेबांनी स्वतःचं कपाळ चाचपलं.

अंधारात त्यांनी डावीकडे पाहिलं. शेजारच्या खुर्चीतल्या सहपरीक्षक, ज्येष्ठ अभिनेत्री बाई खुदखुदत होत्या. पलीकडचे निवृत्त छायाचित्रकार मांडीवर थाप मारत होते. पडद्यावरचा बाप ओरडत होता, "माझ्या वस्तूंना हात कोण लावतं?" हे वाक्य तराजूसाहेब गेली तीस वर्षं स्वतःच्या घरात, स्वतःच्या तोंडाने बोलत आले होते.

चित्रपट चांगला की वाईट, हे मोजता येतं, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. म्हणून तर त्यांना तराजूसाहेब म्हणत. दहा निकष, प्रत्येकी दहा गुण, शाईचं पेन. खोडरबर त्यांच्या घरातही नव्हता. स्पर्धेत चित्रपटांना नावं नव्हती, नुसते आकडे होते, आणि दाखवायचा क्रमही आकड्यांप्रमाणे नव्हता. कोणाचा चित्रपट कोणता, हे परीक्षकांना कळू नये असा नियम. जो पहिला येईल तो चाळीस चित्रपटगृहांत लागणार होता. बाकीचे कपाटात.

आणि त्यांच्या मुलीने याच स्पर्धेला चित्रपट पाठवला होता. साहेबांची परीक्षक म्हणून नेमणूक व्हायच्या महिनाभर आधी. विषय विचारला तेव्हा ती म्हणाली होती, "घरातलाच आहे." त्यापुढे अवाक्षर नाही.

पडद्यावर शाळकरी मुलगी निकाल घेऊन घरी आली. शंभरपैकी शहाण्णव. बापाने कागद उजेडात धरला, मागची बाजूही पाहून घेतली आणि विचारलं, "उरलेले चार कुठे गेले?"

साहेब खुर्चीत खाली सरकले. आता संशयाला जागाच नव्हती. कार्टीने बापाला चव्हाट्यावर आणलं होतं. आणि वाईट म्हणजे, फार छान आणलं होतं. शेवटी तो बाप रिकाम्या घरात एकेक दिवा मालवत गेला, आणि मुलीच्या खोलीतला तेवढा चालू ठेवून झोपला. साहेबांनी दोनदा नाक पुसलं. सर्दी नव्हती.

दिवे लागले. गुणपत्रकं आली.

"मला तर रडूच आलं," बाई म्हणाल्या.

"रडू हा निकष नाही, बाई. कांदा चिरतानाही येतं."

"अहो तराजूसाहेब," छायाचित्रकार म्हणाले, "चित्रपट काय पडद्याचं कापड आहे, मीटरने मोजायला?"

साहेबांनी गुणपत्रक पुढे ओढलं. बोलायचं तर एकच होतं: हा चित्रपट मी ओळखला, मला वगळा. पण मग तराजूला पासंग आहे हे कबूल करावं लागलं असतं. त्यापेक्षा पासंग काढून टाकलेला बरा. त्यांनी पेन उघडलं. कथेला नऊ द्यावेसे वाटले. घरचं माणूस, एक कमी. आठ. अभिनयाला दहाच द्यायला हवे होते. घरचं माणूस. नऊ. अशा नऊ निकषांतून त्यांनी नऊ गुण कापले. बेरीज शहात्तर झाली.

मग स्पर्धेचे सचिव आत आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, या दोघांच्या गुणांत तिसरा आणि पाचवा बरोबरीत आहेत. आता सगळं तुमच्यावर."

पाचव्याला साहेबांनी सकाळीच एक्क्याऐंशी दिले होते. पाचवा म्हणजे समुद्र, घोडे आणि भरपूर धुकं. तिसऱ्याचा एकच निकष उरला होता: सार्वत्रिकता. म्हणजे चित्रपट सगळ्यांना आपला वाटतो की नाही. सहा दिले की तिसरा जिंकणार होता.

पेन सहा लिहायला कागदावर झुकलं आणि टेकण्याआधीच थबकलं. बाई टक लावून पाहत होत्या. साहेबांना मुलीचा चेहरा दिसला, लहानपणीचा, निकाल हातात धरलेला. पेन आपोआप पुन्हा सहाकडे झुकलं. तेवढ्यानेच ते सावध झाले. आपोआप झुकतं म्हणजे पक्षपात होतोय.

त्यांनी ठामपणे चार लिहिले. शेरा लिहिला: 'अनुभव एका घरापुरता.' खाली सही ठोकली. संध्याकाळी सभागृहात टाळ्या झाल्या आणि घोडे चाळीस चित्रपटगृहांकडे दौडत निघाले.

मुलगी त्यांना न्यायला गाडी घेऊन आली होती. साहेब शेजारी बसले. पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हे बघ," ते म्हणाले, "एका गुणाने गेला. तू रागावशील. पण उद्या कोणी म्हणायला नको की बापाने मुलीला झुकतं माप दिलं."

"कोण गेला?"

"तुझा चित्रपट."

"अहो बाबा, माझा स्पर्धेत होताच कुठे? तुमची नेमणूक झाली त्याच दिवशी मी अर्ज मागे घेतला. म्हटलं, तुम्हाला निवांतपणे न्याय करता येऊ दे."

साहेब पट्ट्यासकट तिच्याकडे वळले. "मग तो तिसरा? कपाळावर चष्मा ठेवून घर डोक्यावर घेणारा? शहाण्णव मिळाले तर उरलेले चार कुठे गेले विचारणारा? तो बाप कोणाचा?"

मुलगी इतकी हसली की तिला गाडी कडेला घ्यावी लागली.

"बाबा," ती डोळे पुसत म्हणाली, "तो घरोघरी असतो."